सत्तेचाळिसाव्या पानाची फेरपाहणी

ग्रंथालयाचं पत्र बायकोच्या नावाने आलं होतं. ‘आपण नेलेले पुस्तक मुदतीत परत न केल्यामुळे आपले सभासदत्व तात्पुरते स्थगित करण्यात येत आहे.’ सर्वेअरांनी ते उभ्याउभ्याच वाचलं, घडी घातली आणि पुन्हा उघडून वाचलं. बायको जाऊन तीन महिने झाले होते. त्यातल्या त्यात ‘तात्पुरते’ हा शब्द त्यांना बरा वाटला.

सर्वेअर म्हणजे जमिनी मोजणारे नव्हेत. हे विमा कंपनीचे. कुठे गाडी ठोकली, गोदाम जळलं, दुकानात पाणी शिरलं की तिथे जायचं, नुकसान किती आणि कशामुळे ते पाहायचं आणि अहवाल द्यायचा. एकतीस वर्षं त्यांनी हे केलं. खोटा दावा त्यांना दारातूनच वास येऊन कळत असे. निवृत्त झाल्यावरही सगळी इमारत त्यांना सर्वेअरच म्हणत होती आणि त्यांनाही त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

पुस्तक परत करायचं, एवढंच काम होतं. अर्ध्या तासाचं.

पुस्तक फ्रेंच होतं, निळ्या पुठ्ठ्याचं. बायको साठीला आल्यावर फ्रेंच शिकायला लागली होती. आधी भाषा शिकली, मग साहित्य. आठवड्यातून दोन संध्याकाळी ती भाषासंस्थेत जायची. का, ते सर्वेअरांनी कधी विचारलं नव्हतं. भाजी घेऊन परत येते, मग हरकत कसली, असा त्यांचा विचार.

काउंटरवर एक गृहस्थ बसले होते. चष्मा कपाळावर होता आणि समोरचा कागद ते डोळे बारीक करून वाचत होते.

“सभासदांनी स्वतः यायला हवं,” ते म्हणाले.

“त्या येऊ शकत नाहीत.”

“आजारी आहेत का?”

“होत्या.”

काउंटरवाल्यांनी मान वर केली. चष्मा कपाळावरून नाकावर आला. “माफ करा हं,” ते म्हणाले, आणि खरंच ओशाळले. पण हाताला सवय पडलेली असते. त्यांनी पुस्तक उचलून फर्रकन पानं सोडली आणि तोंडातून चक् असा आवाज काढला. “पेन्सिलीच्या खुणा आहेत. हे असं जमा नाही करून घेता येत. पुसून आणा.”

“सगळं?”

“नियम चौदा-ब,” काउंटरवाले म्हणाले. जणू त्या नियमापुढे त्यांचाही इलाज नव्हता.

सर्वेअर नियमाचे पक्के. वाटेत त्यांनी चांगलं खोडरबर घेतलं आणि दुपारी जेवून स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसले. पुस्तक आपोआप सत्तेचाळिसाव्या पानावर उघडलं. ते तिथेच जास्त उघडलं जात असावं, कारण शिवण तिथे सैल झाली होती. पानावर अर्ध्या पानाचा एक उतारा होता आणि समासात पेन्सिलीने लिहिलेल्या दोन ओळी. सर्वेअरांनी पान डाव्या हाताने ताणून धरलं आणि एका दिशेने, कागद न चुरगाळता, व्यवस्थित पुसलं. मिनिटभराचं काम. मग फुंकर मारली.

फुंकर मारताना त्यांच्या लक्षात आलं, की आपण पुसलं ते अक्षर बायकोचं होतं.

त्यांनी बाकीची पानं उलटून पाहिली; तिथे नुसत्या रेघा होत्या. घरात तिचं अक्षर होतं तसं. डब्यांवर होतं, जुन्या याद्यांवर होतं. पण ते सगळं डाळ, साखर, लाँड्रीवाल्याचे कपडे. हे काहीतरी वेगळं होतं आणि ते फ्रेंचमध्ये होतं, म्हणजे त्यांना कळू नये म्हणून नव्हे, पण त्यांना कळणार नाही हे तिला ठाऊकच होतं. शेवटी सर्वेअरांनी खोडरबराचे बारीक काळे तुकडे कागदावर गोळा केले, एका पाकिटात भरले आणि पाकिटावर लिहिलं, ‘प. ४७’. नमुना कधी फेकायचा नसतो.

मग त्यांच्यातला जुना माणूस जागा झाला. चोरीच्या गाडीचा घासलेला चासी नंबर वाचण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. विजेरी आडवी धरायची, म्हणजे कागदावर उमटलेले दाब सावलीत दिसतात. पान तिरकं करून, श्वास रोखून त्यांनी पाहिलं. बाकी काही लागलं नाही, पण पहिल्या ओळीच्या शेवटी तिने एक शब्द दाबून लिहिला होता. त्यांनी वहीत नोंद केली: व्ही, ओ, आय, त्यापुढे फुली. आणि शेवटी तिनेच केलेलं प्रश्नचिन्ह.

इथेच थांबले असते तर पुस्तक तरी वाचलं असतं. पण समोरच्या दारातल्या वहिनींनी उघड्या दारातून विजेरी पाहिली आणि वीज गेली का, असं विचारत त्या आत आल्या.

“वाफेवर धरा, भाऊजी,” सगळं ऐकून त्या म्हणाल्या. “पाकिटं नाही का उघडत? वाफेने कागद फुलतो. दाबलेलं सगळं वर येतं.”

“असं होतं?”

“माझ्या मावशीने अख्खं मृत्युपत्र वाचलं होतं वाफेवर.”

मावशीच्या नातेवाइकांना काय मिळालं हे विचारायचं राहिलं. पान वाफेवर धरलं. पान फुललं, हे खरं. इतकं फुललं, की दाबलेली अक्षरं, न दाबलेली अक्षरं, सगळी एका पातळीवर आली आणि पापडासारख्या लाटा उठल्या. वहिनी म्हणाल्या, “मावशीचा कागद जाड होता,” आणि दूध उतू जात असल्याचं आठवून घरी गेल्या.

वरच्या मजल्यावर निवृत्त मुख्याध्यापक राहत. त्यांना न विचारता त्यांचा सल्ला खाली येत असे. “इस्त्री फिरवा,” ते जिन्यातून म्हणाले. “मंद. वर रुमाल ठेवून. मी शाळेत भिजलेल्या उत्तरपत्रिका अशाच वाचवल्या आहेत.”

सर्वेअरांच्या घरातली इस्त्री गेल्या तीन महिन्यांत तापली नव्हती. तिची चकती कुठे फिरवली की मंद होते हे बायकोला माहीत होतं. सर्वेअरांनी अंदाजाने फिरवली. रुमाल मध्येच सरकला. सत्तेचाळिसाव्या पानाच्या समासात इस्त्रीच्या टोकाचा सुबक तपकिरी त्रिकोण उमटला, नेमका पुसलेल्या जागी.

मुख्याध्यापकांनी खाली येऊन चष्मा पुसला. “तुम्ही मंद नाही ठेवली,” ते म्हणाले. शिक्षक माणूस. चूक कुणाची ते आधी ठरवायचं.

घासणे, पाणी आणि उष्णता. एका मालमत्तेला एका दिवसात तीन वेगवेगळ्या कारणांनी नुकसान. असा दावा कुणी आणला असता तर सर्वेअरांनी त्याला खुर्चीसुद्धा दिली नसती.

संध्याकाळी मुलीचा फोन आला. ती दूर, दुसऱ्या देशात. “बाबा, जेवलात का?” हा तिचा पहिला प्रश्न आणि “हो,” हे त्यांचं उत्तर, दोन्ही ठरलेली. मग ते सहज विचारल्यासारखं म्हणाले, “तुझी आई त्या फ्रेंचच्या पुस्तकात काय लिहायची गं?”

“सत्तेचाळीस पान?” मुलगी लगेच म्हणाली. “अहो, शेवटचे सहा महिने ती त्याच उताऱ्याबद्दल बोलायची. मला म्हणाली, ‘इतका साधा आहे आणि त्यात एक मोठी गोष्ट लपलीय, ती मला दिसलीय.’”

“कुठली गोष्ट?”

“ते नाही सांगितलं. आधी लिहून काढते म्हणाली. तुमच्याशी नाही बोलली?”

“बोलली असेल,” सर्वेअर म्हणाले.

“पानाचा फोटो पाठवा ना. मी बघते काही कळतंय का.”

“पाठवतो,” ते म्हणाले. फोन ठेवल्यावर मात्र त्यांनी फोटो काढला नाही. त्रिकोणाचा काढून काय करायचा?

आता ती गोष्ट तिला दिसली होती आणि त्यांनी पुसली होती. ती पुन्हा शोधायची, तर बायको ज्या रीतीने पाहायला शिकली ती रीत शिकण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

भाषासंस्थेच्या अर्जात ‘शिकण्याचा उद्देश’ असा रकाना होता. नोकरी, प्रवास, उच्च शिक्षण, इतर. सर्वेअरांनी ‘इतर’वर खूण केली आणि पुढच्या रेघेवर ‘पान सत्तेचाळीस’ असं लिहिलं. कार्यालयातल्या बाईंनी अर्ज परत सरकवला. साहित्याच्या वर्गाला बसायचं तर आधी भाषेच्या चार परीक्षा हव्यात.

“चार परीक्षांना किती दिवस लागतात?”

“दोन वर्षं. उत्तीर्ण झालात तर.”

या ‘तर’वर बाईंनी जो जोर दिला तो सर्वेअरांच्या मनाला लागला. ते तडक शिकवणाऱ्या मॅडमकडे गेले. मॅडम पंचेचाळिशीच्या, केस आखूड, बोटांना खडू. त्यांनी आधी बायकोचं नाव ऐकलं, मग पुस्तक पाहिलं, मग त्रिकोण पाहिला. त्रिकोणाबद्दल काही विचारलं नाही. “श्रोता म्हणून बसा,” त्या म्हणाल्या. “उताऱ्याचा मी मराठीत अर्थ करून देते. पण एक सांगते. ‘त्यांनी काय लिहिलं होतं’ हे मला माहीत नाही. आणि अंदाज मी करणार नाही.”

“अंदाज नकोच,” सर्वेअर म्हणाले. पहिल्यांदाच कुणीतरी त्यांच्या भाषेत बोललं होतं.

वर्गात सगळी विशी-पंचविशीतली मुलं-मुली. रिकामी खुर्ची एकच होती, खिडकीजवळ. मॅडमनी छापील हजेरीपट उघडून क्रमांक घ्यायला सुरुवात केली. सत्र संपेपर्यंत कार्यालय यादीतून कुणाचंही नाव काढत नसे, मग कारण काहीही असो. “अकरा. बारा. तेरा. चौदा...” आणि मॅडम थांबल्या. चौदा क्रमांक बायकोचा; दर वेळी त्या तो वगळत असाव्यात. आज नव्या माणसामुळे चुकल्या. सगळा वर्ग वहीकडे पाहायला लागला.

“हजर,” सर्वेअर म्हणाले.

आपण असं का म्हणालो हे त्यांना कळलं नाही. मॅडमनी क्षणभर पाहिलं, काहीतरी खूण केली आणि म्हणाल्या, “पंधरा.”

मॅडमचे तीन नियम होते. पहिला, उताऱ्यात काय आहे ते पुन्हा आपल्या शब्दांत सांगत बसायचं नाही. ते लेखकाने सांगितलंच आहे. कसं सांगितलंय ते बघायचं. दुसरा, लिहिणारा वेगळा आणि गोष्ट सांगणारा वेगळा, दोघांची गल्लत करायची नाही. तिसरा, जे म्हणाल त्याला ओळीचा क्रमांक द्यायचा. पुराव्याशिवाय एक शब्द नाही.

तिसरा नियम ऐकून सर्वेअरांचा ऊर भरून आला. दुसऱ्यावर मात्र त्यांनी हात वर केला. “हे सगळं घडत होतं तेव्हा सांगणारा नेमका कुठे उभा होता?”

मागे दोन मुली हसल्या. मॅडम हसल्या नाहीत. “हाच पहिला प्रश्न,” त्या म्हणाल्या. “लिहून घ्या सगळ्यांनी.” सर्वेअरांनी मागे वळून पाहिलं नाही, पण मान किंचित ताठ झाली.

मॅडमनी मराठीत करून दिलेला सत्तेचाळिसाव्या पानावरचा उतारा असा होता. थंडीतली संध्याकाळ. माणूस घरी येतो, कोट झटकतो, टेबलाशी बसतो. विचारतो, “रस्ता किती खराब झालाय, पाहिलास?” ती उत्तर देते. तो जेवायला लागतो. “मीठ कुठे आहे?” ती उत्तर देते. “कुणी आलं होतं का?” ती उत्तर देते. “दिवा इतक्यात लावायलाच हवा का?” ती उत्तर देते. मग ती उठते आणि खिडकी लावून घेते. संपलं.

सर्वेअरांनी तो अकरा वेळा वाचला आणि त्यांचा धीर सुटला. ना आग, ना टक्कर. पण गृहपाठ तर द्यायचा होता. त्यांनी ज्या एका पद्धतीने आयुष्यभर लिहिलं त्याच पद्धतीने लिहिलं:

‘घटनास्थळ: स्वयंपाकघर. उपस्थित: दोन व्यक्ती. सांगणारा: खोलीतच असावा, परंतु टेबलाशी नाही (ओळ ३). वेळ: संध्याकाळ. खिडकी: सुस्थितीत. मीठ: सापडले असावे. नुकसान: आढळले नाही. शिफारस: दावा नामंजूर.’

पुढच्या आठवड्यात वही परत आली. लाल शाईने खाली एकच ओळ होती: ‘नुकसान आढळले नाही? फेरपाहणी करावी.’

एकतीस वर्षांत सर्वेअरांच्या अहवालावर कुणी फेरपाहणी लावली नव्हती. एकदा एका मोठ्या अधिकाऱ्याने लावायचा प्रयत्न केला होता आणि त्याचीच बदली झाली होती. ते घरी आले ते तणतणतच. वहिनींनी दारातून विचारलं, “भाऊजी, नापास झालात?” मुख्याध्यापकांनी जिन्यातून “शुद्धलेखन बघितलं होतं का?” असं विचारलं. सर्वेअरांनी दार लावून घेतलं.

त्यातच त्या आठवड्याच्या तासाला मॅडमनी फळ्यावर नवा शब्द लिहिला. उताऱ्यात कुणाचा आवाज ऐकू येतो आणि कुणाचा नाही, हे तपासायचं, असं सांगून त्यांनी ‘आवाज’ याला फ्रेंच शब्द लिहिला. व्ही, ओ, आय. शेवटी फुलीसारखं अक्षर. सर्वेअरांच्या हातातली पेन्सिल खाली पडली आणि घरंगळत पहिल्या बाकापर्यंत गेली. शेजारची मुलगी उठून ती घेऊन आली. “काका, बरं वाटतंय ना?”

“बरं वाटतंय,” ते म्हणाले. वहीत मागची नोंद काढून त्यांनी दोनदा ताडून पाहिली. आवाज, आणि पुढे प्रश्नचिन्ह.

एक शब्द मिळाला. पण आवाज म्हणजे कुणाचा, कुठल्या ओळीत? दुसऱ्या दिवशी दुपारी स्वयंपाकघरात बसून त्यांनी फेरपाहणी सुरू केली. उभी रेघ मारून दोन रकाने केले. डावीकडे माणूस, उजवीकडे ती. ज्याचे शब्द, ते त्याच्या रकान्यात लिहायचे. डावा रकाना भरला. रस्ता, मीठ, कुणी आलं होतं का, दिवा. उजवीकडे लिहायला त्यांनी पेन्सिल टेकवली आणि ती तिथेच राहिली.

ती चार वेळा उत्तर देते. चार वेळा. आणि तिने काय उत्तर दिलं, ते उताऱ्यात कुठेही नाही. सांगणारा खोलीत आहे, कोट झटकल्याचा आवाज त्याला ऐकू येतो, मिठाबद्दल विचारलेलं त्याला शब्दशः आठवतं, आणि तिचं एक वाक्य त्याने ठेवलेलं नाही.

नुकसान होतं. पहिल्या पाहणीत दिसलं नाही, कारण जे गेलं होतं त्याची रिकामी जागासुद्धा त्यांनी मोजली नव्हती.

सर्वेअर उठले, पाणी प्यायले, पुन्हा बसले. मग त्यांनी नवीन पान उघडून पुन्हा उभी रेघ मारली. डावीकडे लिहिलं, ‘मी’. उजवीकडे लिहिलं, ‘ती’. गेल्या वर्षातलं काय काय आठवतं? ‘चष्मा कुठे ठेवलास?’ ‘आज उशीर झाला.’ ‘हा नळ पुन्हा गळतोय.’ डावा रकाना भराभर भरत गेला. उजवीकडे तिचा चेहरा आठवत होता, हात आठवत होते, बोलताना भांडं पुसायची ती लकब आठवत होती. शब्द येत नव्हते. त्यांनी संध्याकाळपर्यंत वाट पाहिली. त्यांना डावीकडचं एकच वाक्य आणखी सुचलं. ‘रविवारी बघू.’

हे त्यांनीच म्हटलं होतं, याच टेबलाशी, हातात वर्तमानपत्र होतं. पण हे उत्तर होतं. मग प्रश्न काय होता? सर्वेअर नियमाप्रमाणे मागे मागे गेले. वर्तमानपत्रावर काहीतरी ठेवलं गेलं होतं. उघडं पुस्तक. निळं. त्यांनी ते बाजूला सारलं होतं, कारण त्याखाली बातमी होती. म्हणजे तिने विचारलं असणार, ‘अहो, हे एवढं ऐकता का?’ किंवा ‘वाचून दाखवू?’ नेमके शब्द मिळणार नव्हते. उजव्या रकान्यात त्यांनी काहीच लिहिलं नाही. अंदाज नको.

उताऱ्याच्या फेरपाहणीचा अहवाल मात्र त्यांनी लिहिला. मॅडमनी तो परत दिला तेव्हा त्यावर एक शब्द नव्हता, फक्त मागच्या अहवालातल्या ‘दावा नामंजूर’वर त्यांनी बारीक रेघ मारली होती.

“त्यांनीही हेच लिहिलं असेल का?” सर्वेअरांनी विचारलं.

“माहीत नाही,” मॅडम म्हणाल्या. “मला पण वाचायला आवडलं असतं.”

सत्र संपलं. ग्रंथालयाचं तिसरं पत्र आलं. एका शनिवारी सर्वेअर काउंटरपुढे उभे राहिले, खांद्याला पिशवी.

“पुस्तक हरवलं,” ते म्हणाले.

काउंटरवाल्यांचा चष्मा कपाळावरून नाकावर आला. “अहो, तुम्ही तर आणलं होतं.”

“त्यानंतर हरवलं.”

“कुठे?”

“स्वयंपाकघरात.”

“स्वयंपाकघरात पुस्तक कसं हरवेल?”

खोटं बोलणारा माणूस तपशील फार देतो, हे सर्वेअरांना एकतीस वर्षं माहीत होतं. म्हणून ते गप्प राहिले. कान तापले होते. त्यांनी फॉर्म भरला. घटना: गहाळ. कारण: निष्काळजीपणा. साक्षीदार: नाही. खाली सही केली. मग त्यांनी मागवून घेतलेली नवी प्रत पुढे ठेवली, कारण हरवलेल्याच्या जागी तेच पुस्तक द्यावं असा नियम होता.

काउंटरवाल्यांनी पानं फर्रकन सोडली. “हे बघा,” ते खूश होऊन म्हणाले. “पुस्तक असं पाहिजे. एक खूण नाही.” मग त्यांची नजर पिशवीकडे गेली. पिशवीच्या तोंडातून निळ्या पुठ्ठ्याचा कोपरा बाहेर आला होता, ग्रंथालयाच्या चिठ्ठीसकट. त्यांनी तो पाहिला. चष्मा पुन्हा कपाळावर गेला. “सापडलं तरी आता आणू नका,” ते म्हणाले आणि ‘गहाळ’ असा शिक्का मारला.

दुसऱ्या दिवशी रविवार होता.

सर्वेअरांनी सकाळचं काम आटोपलं, टेबल पुसलं, वर्तमानपत्र घडी करून कपाटावर ठेवलं. दोन्ही खुर्च्या टेबलाला लागून होत्या, तशाच राहू दिल्या. सत्तेचाळिसावं पान उघडून त्यांनी फ्रेंचमधूनच, अक्षर लावत, मोठ्याने वाचायला सुरुवात केली. उच्चार इतके वाईट होते, की मॅडमनी कान झाकले असते. रस्त्याशी ते दोनदा अडखळले. मीठ मात्र नीट जमलं.

दार उघडंच होतं. समोरच्या वहिनी हातात वाटी घेऊन उंबऱ्यापर्यंत आल्या आणि थबकल्या.

“पाहुणे आहेत का, भाऊजी?”

“नाही. उतारा चाललाय.”

वहिनींनी रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं, पुस्तकाकडे पाहिलं, त्रिकोणाकडे पाहिलं. “मग थांबलात का? वाचा की.”

सर्वेअरांचं बोट ओळीवर होतं. त्यांनी ते हलवलं नाही.

“जरा थांबा, वहिनी,” ते म्हणाले. “इथे ती उत्तर देते.”